पडशीतला कॅमेरा

निकॉनच्या डी३५०० या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वजनाचे दोन आकडे आहेत. ४१५ ग्रॅम आणि ३६५ ग्रॅम. पहिला बॅटरी आणि मेमरी कार्ड धरून, दुसरा नुसत्या बॉडीचा. मिरवायला अर्थातच दुसरा बरा. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात वजनाचा हा दुटप्पीपणा कोणी खपवून घेणार नाही. कारखान्यावर भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि वजाबाकी करून जे उरेल त्याचेच पैसे मिळतात. काटामारी हा शब्द तिथे पोराटोरांनाही ठाऊक असतो. कॅमेऱ्याचा काटाही त्याच बाजूने मारतात, जड वस्तू हलकी दाखवतात. बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्याने फोटो निघत नाही, लेन्स नसलेल्यानेही निघत नाही. सोबत मिळायची ती १८-५५ ची लेन्स २०५ ग्रॅमची. म्हणजे ३६५ वाचून घेतलेला कॅमेरा गळ्यात पडतो तेव्हा ६२० ग्रॅमचा झालेला असतो, आणि पट्टा, पिशवी अजून काट्यावर चढलेलीच नसतात.

तरीही डीएसएलआरच्या दुनियेत हे वजन हलकंच म्हणायचं. निकॉनचाच डी८५० बॅटरी-कार्डासकट १००५ ग्रॅम भरतो आणि त्याला शोभणारी २४-७० ची एफ/२.८ लेन्स १०७० ग्रॅम. दोन किलोंच्या वर गेलं हे प्रकरण. माझं म्हणणं एवढंच, की रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा घेताना पहिला प्रश्न वजनाचा असावा. मेगापिक्सेल, फोकसचे बिंदू, व्हिडिओ यांची चौकशी मागाहून करावी. हे वरवरचं वाटेल. पण एक गाव समोर धरून पाहू. बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती महाराष्ट्राला माहीत आहे तो निवडणुकीमुळे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ तिथे फुटतो, त्या दिवशी देवळासमोर कॅमेऱ्यांची रीघ लागते, आणि नारळ फुटला की ती सगळी आयुधं गाड्यांत बसून निघून जातात. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याच देवळावर रोज ऊन येतं, सरकतं, मावळतं. शनिवारी तेल येतं, दिवाळीनंतर उसाच्या गाड्या रस्त्याला लागतात, शेताकडेला तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात, कालव्याचं आवर्तन सुटलं की बांधावरची लगबग बदलते. याचे फोटो कोण काढणार? ज्याच्याजवळ त्या वेळी कॅमेरा असेल तो. कॅमेरा जवळ असणं ही गोष्ट हौसेवर कमी आणि ग्रॅमवर जास्त अवलंबून असते.

वजनाचा हा प्रश्न इथल्या पालखीच्या रस्त्याने फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघते ती कन्हेरीच्या शेजारच्या काटेवाडीला. तिथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. मग भवानीनगर, सणसर, पुढे बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर. देहूपासून पंढरपूरपर्यंत अडीच-तीन आठवड्यांची ही चाल. एवढ्या दिवसांचा संसार लागतो तो लागतोच. राहुट्या, सतरंज्या, पातेली, शेगड्या, धान्याची पोती. पण त्यातलं काहीही वारकऱ्याच्या अंगावर नसतं. ते दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला आधीच जाऊन उभा राहिलेला असतो. अंगावर उरतं ते चालता चालता लागेल तेवढंच. हातात टाळ किंवा पताका, खांद्याला पडशी, पडशीत एखादं धोतर किंवा लुगडं, बुक्क्याची डबी, तंबाखू किंवा औषधाच्या गोळ्या, पावसासाठी घडी केलेला प्लास्टिकचा कागद. कुठली वस्तू ट्रकची आणि कुठली पडशीची, याचा निवाडा इतक्या पिढ्यांनी इतक्या वेळा केला आहे की आता त्यावर कोणी बोलतही नाही. नवखा माणूस पहिल्या दिवशी पाठीवर मोठी पिशवी घेऊन निघतो आणि दोन-तीन मुक्कामांतच ती ट्रकमध्ये टाकून मोकळा होतो. मोलाची वस्तू ट्रकमध्ये आणि हलकीसलकी पडशीत, अशी ही वाटणी नव्हे. पातेलं नसेल तर दिंडी उपाशी राहील. फरक फक्त वेळेचा. ट्रकमधली वस्तू मुक्कामाला भेटते, पडशीतली वाटेत हाताशी येते. फोटो बहुधा वाटेतच असतो. पायघडी म्हणून अंथरलेलं धोतर झटकून घडी करणारे दोन हात, डोक्यावरचं तुळशीवृंदावन शेजारणीकडे देऊन पदर सावरणारी बाई, रिंगण संपल्यावर उधळलेल्या मेंढ्या गोळा करणारं पोरगं, उसाच्या सरीत पाय पसरून बसलेले म्हातारे. यातलं काहीही मुक्कामावर मिळत नाही. कॅमेऱ्यांचेही म्हणून दोनच खरे वर्ग, ट्रकचे आणि पडशीचे. दुकानातल्या एंट्री लेव्हल, प्रो असल्या पाट्यांपेक्षा मला ही वाटणी जास्त कामाची वाटते.

याच वारीतून कोणी मला खोडून काढेल. पखवाज काय हलका असतो? वीणेकरी दिवसभर वीणा गळ्यात घेऊन चालतोच ना? ज्याचं प्रेम आहे त्याचं ओझं होत नाही, जड कॅमेऱ्याची कुरकूर करणाऱ्याचं प्रेमच कमी. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. वीणा एकट्याची नसते. अखंड सप्ताहात वीणा चोवीस तास खाली ठेवत नाहीत, म्हणूनच तर पहारे लावावे लागतात. तासा-दोन तासांनी ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. डोक्यावरचं वृंदावनही असंच आळीपाळीने चालतं. जड वस्तू सतत वर धरायची तर माणसं बदलावी लागतात, हे तिथे प्रेमाइतकंच पक्कं ठाऊक आहे. कॅमेऱ्याला पहारेकरी नसतो. दोन किलोंचा एकटा धनी दुपारपर्यंत तो पिशवीत घालतो, संध्याकाळी गाडीत ठेवतो आणि आठवड्याने कपाटात. त्याच्या प्रेमात खोट नसते, फक्त खांदे दोनच असतात.

आता हलकेपणाची किंमत. वजन हवेत विरत नाही, काहीतरी काढल्याशिवाय ते उतरत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर जातो आणि तिथून वळत वळत डोळ्यापर्यंत येतो. महागड्या कॅमेऱ्यात हे वळवण्याचं काम भरीव काचेचा लोलक करतो. हलक्या कॅमेऱ्यांत त्या जागी पोकळ कोठडीत बसवलेले आरसे असतात. म्हणून त्यांच्या झरोक्यातून चित्र जरा लहान नि मंद दिसतं, आणि कडेचा थोडा भाग तर दिसतच नाही. झरोक्यात ९५ टक्केच मावतं, उरलेलं फोटोत अनाहूत येऊन बसतं. मग मोटर. डी३५०० च्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटरच नाही, त्यामुळे निकॉनच्या जुन्या एएफ लेन्सा त्यावर हाताने फिरवाव्या लागतात. आणि एक गोष्ट अशी काढली की ती बारामतीच्या उत्तरेकडच्या जिरायत पट्ट्यात चांगलीच जाणवेल. आधीच्या डी३३०० मध्ये सेन्सरवरची धूळ थरथरवून झाडण्याची सोय होती. डी३४०० आणि डी३५०० मध्ये ती नाही. बाहेरून माईक जोडण्याचं भोकही त्याच वेळी गेलं. माईकचं मला दुःख नाही. धुळीचं मात्र आहे, कारण सुप्याकडच्या माळावर मार्चमध्ये लेन्स बदलणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी पाखडायला बसणं. यावर उपाय म्हणजे लेन्स बदलूच नये. एकच लहान, पक्क्या अंतराची लेन्स लावावी आणि ती बॉडीचाच अवयव समजावी. कॅननची २४ मिमीची चपटी लेन्स १२५ ग्रॅमची, जेमतेम २३ मिलिमीटर जाडीची. २०१३ साली आलेला कॅननचा १००डी बॅटरी-कार्डासकट ४०७ ग्रॅम. दोन्ही मिळून ५३२. माझ्या मते पडशीतला कॅमेरा तो हाच. तो नव्याने मिळत नाही, पण एखाद्याने हौसेने घेऊन कपाटात ठेवलेला जुना सापडतो. निकॉनवाल्यांना ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स आहे, २०० ग्रॅमची. आषाढातल्या ढगाळ संध्याकाळी ती जास्त प्रकाश घेईल. मात्र दिंडीच्या दाटीत ३५ अडचणीची होते, मागे सरकायला जागा नसते. दाटीत २४ बरी.

फोन पुरे की, असं कोणी म्हणेल. पुष्कळदा पुरतोच. दोनशे ग्रॅमच्या वस्तूला पडशीही लागत नाही. महागड्या फोनमध्ये ज्याला ‘एक इंची’ सेन्सर म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो (इथेही काटा मारलेलाच), तर डी३५०० चा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ तिपटीच्या वर. साध्या फोनशी तुलना केली तर हा फरक आणखी कितीतरी वाढतो. पण मला सेन्सरपेक्षा उन्हाची बाजू मोठी वाटते. एप्रिलच्या भर दुपारी फोनच्या काचेत दिसतो तो आपलाच घामेजलेला चेहरा. डोळ्याला लावायचा झरोका तिथे डोक्यावर घेतलेल्या टॉवेलसारखा उपयोगी पडतो. शिवाय फोन वाजतो. समोर मेंढ्या वळत असताना कर्जाची जाहिरात करणारा कोणीतरी बोलू लागतो, आणि त्याचं ऐकेपर्यंत कळप पुढे गेलेला असतो.

याहून कठीण आक्षेप मिररलेसवाल्यांचा. हलकेपणाच हवा तर आरसा कशाला वागवायचा? कॅननचा आर१०० बॅटरी-कार्डासकट ३५६ ग्रॅमचा आहे, म्हणजे १००डीपेक्षाही कमी. काट्यावर ते जिंकतात, आणि नवा कॅमेरा घ्यायला पैसे असतील तर त्यांचंच ऐकावं. माझी बाजू लंगडी पडते ती इथे. पण एकदा पुन्हा भरलेली गाडी मोजू. त्या जातीच्या लहान कॅमेऱ्यात झरोक्यासकट सगळं विजेवर चालतं, त्यामुळे एका चार्जिंगवर प्रमाणित मोजणीने तीन-चारशे फोटो निघतात. डी३५०० चा तोच आकडा १५५० आहे, कारण त्याच्या झरोक्यात नुसता उजेड असतो आणि उजेडाला वीज लागत नाही. मुक्कामावर एका बोर्डाला वीस चार्जर लोंबत असतात तिथे हा फरक साधा नाही. एकाला दोन जादा बॅटऱ्या वागवाव्या लागतात, दुसऱ्याला एकही नाही. अर्थात १००डीचा आकडा ३८० च आहे. माझा लाडका कॅमेरा माझ्याच युक्तिवादात असा अडकतो. त्यालाही जादा बॅटऱ्या पडशीत ठेवाव्या लागतील, बुक्क्याच्या डबीशेजारी.

भिगवणचं काय, हे कोणी विचारायच्या आधीच सांगतो. उजनीच्या फुगवट्यात, डिकसळ-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि होड्यांतून तोफांसारख्या लेन्सा डोकावतात. निकॉनची २००-५०० लेन्स एकटी २.३ किलोंची. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकाराही २४ मिमीच्या लेन्सला जवळ येऊ देत नाही. ७०-३०० ची एक डीएक्स लेन्स ४१५ ग्रॅमची, म्हणजे डी३५०० च्याच वजनाची मिळते. तिच्यावर बरंचसं भागतं. पण तो ट्रकचा प्रवास आहे, ठरवून, गाडी करून, पहाटे उठून करायचा. त्याला माझी ना नाही. एवढंच वाटतं, की रोहितांचे फोटो आता उदंड झाले आहेत आणि त्याच होड्या वल्हवणाऱ्यांचे फार थोडे.

जड कॅमेरा हातात स्थिर राहतो, हेही खरंच आहे. वस्तुमान थरथर गिळतं. फक्त ते पहिल्या तासात गिळतं. पाचव्या तासाला दंडच थरथरू लागतो. आणि पावसाचं म्हणाल तर हे हलके कॅमेरे पावसासाठी बांधलेलेच नाहीत, त्यांना वारकऱ्याच्या प्लास्टिकच्या कागदाचा एक कोपरा मागून घ्यावा लागतो.

बेलवाडीच्या रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, वीणेकरी, पखवाजवाले, आणि शेवटी अश्व. अश्व समोरून जाताना बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि झरोका काळा होतो. डीएसएलआरमध्ये जो क्षण फोटोत येतो तो काढणाऱ्याला दिसलेला नसतो. आजूबाजूच्या हजारोंनी पाहिलेला असतो, त्याने मात्र त्याच्या आधीचा आणि नंतरचा. मग तो मान खाली घालून मागच्या पडद्यावर आलं का ते तपासतो, आणि तेवढ्यात भोवतीचे सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेले असतात. धूळ चांगली कमरेपर्यंत उठते. त्या वेळी लेन्स तेवढी बदलू नये.