लुटूपुटूचें सोनें

रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं आमचा भाचा झाडें तोडावयास बसत असे. ही गोष्ट 2019 सालच्या पावसाळ्यांतली. शिक्षणासाठीं तो आमचे येथें राहावयास होता, आणि रात्रीं अकरा वाजतां पुस्तकें उघडीं टाकून संगणकाच्या पडद्यावर कुऱ्हाड चालवी. झाड यू जातीचें. तें तुटे, ओंडका पिशवींत पडे, थोड्या वेळानें झाड पुन्हां होतें तेथेंच उभें राही, आणि कुऱ्हाड पुन्हां सुरू होई. पहिल्या रात्रीं आम्हीं कौतुकानें पाहिलें, दुसऱ्या रात्रीं आश्चर्यानें, आणि तिसऱ्या रात्रीं मामा या नात्यानें जें बोलावयास पाहिजे तें बोललों. त्यानें मान वर न करतांच उत्तर दिलें, "मामा, तुम्ही अर्थशास्त्र शिकवतां ना? मग एकदां इथला बाजार बघा, आणि नंतर रागवा."

हें आव्हान नाकारणें आम्हांस कठीण होतें. पैसा म्हणजे काय हें आम्ही पाव शतकाहून अधिक काळ मुलांना फळ्यावर काढून दाखवीत आलों आहों. पण पैसा जन्मास येतांना कांहीं आम्हीं कधीं पाहिला नव्हता. त्या खेळांत तो पाहावयास मिळाला.

खेळाचें नांव रून्स्केप. अँड्र्यू गॉवर नांवाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्यानें आपल्या भावाच्या मदतीनें तो रचिला व 2001 च्या जानेवारींत लोकांपुढें ठेविला. पुढें तो इतका बदलत गेला, कीं जुन्या खेळाडूंस तो आपला वाटेना. तेव्हां त्यांच्या आग्रहास्तव 2007 सालीं जसा होता तसाच तो 2013 मध्यें पुन्हां सुरू करण्यांत आला. भाचा खेळे तो हा जुन्या वळणाचा. (जुनें तें सोनें हा न्याय विशींतल्या मुलांसही मान्य आहे, हें पाहून आम्हांस मनांतून बरें वाटलें.) त्यांतलें जग शंभराहून अधिक सर्व्हरांवर जणुं एकाच ठशानें छापून ठेविलेलें आहे. ज्यानें त्यानें आपल्या पसंतीच्या प्रतींत शिरावें. पण महाबाजार, ज्यास तेथें ग्रँड एक्स्चेंज म्हणतात, तो मात्र साऱ्या प्रतींचा मिळून एक.

आम्हीं मासेमारी पत्करली. प्रथम कोळंबी, विसाव्या पायरीस ट्राउट, चाळिसाव्या पायरीस शेवंड आणि शहात्तराव्या पायरीस मुशी. भाचा 'लेव्हल' म्हणे, आम्ही पायरी म्हणतों. प्रत्येक माशागणिक कांहीं गुण जमतात, आणि त्या गुणांना तेथें 'अनुभव' असें भारदस्त नांव आहे. शेवटची पायरी 99. पन्नासावी गांठली त्या दिवशीं अर्धा डोंगर चढून झाला या समजुतीनें आम्ही ही वार्ता स्वयंपाकघरांत सांगावयास निघालों होतों. भाच्यानें हात धरून थांबविलें. 99 व्या पायरीस लागतात 1,30,34,431 गुण आणि पन्नासाव्या पायरीस 1,01,333. म्हणजे शेंकडा एक भागदेखील वाट सरली नव्हती! दर सात पायऱ्यांमागें लागणारी मेहनत सुमारें दुप्पट होत जाते, आणि खरें अर्धें येतें तें 92 व्या पायरीस. नुसत्या शेवंडांवर शेवट गांठावयाचा म्हटला, तर एकेका शेवंडास 90 गुण या हिशेबानें दीड लाखाच्या आसपास शेवंडें धरावीं लागतील. हें ऐकून शहाण्या माणसानें संगणक बंद केला असता. आम्ही दुसऱ्या दिवशीं अर्धा तास आधीं बसलों.

असें कां व्हावें, याचा विचार करतांना आमची आजी आठवली. चातुर्मासांत ती लक्ष वाती करी. कापूस पिंजून, बोटांनीं वळून, मोजून जुडगे बांधी, आणि मोजणींत चूक झाल्याचा संशय आला तर तो जुडगा सोडून पुन्हां मोजी. तिला कोणीं 'वेळ फुकट घालवितेस' असें म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पण भाच्याचा प्रकार आजीहून निराळा होता. कोणत्या झाडावर ताशीं किती गुण पडतात, कोठें उभें राहिलें असतां दोन पावलें वांचतात, याचीं कोष्टकें त्याला पाठ होतीं, आणि गंमत अशी, कीं जें काम अधिक वेगानें पायरी चढवी तें बहुधा अधिक कंटाळवाणें असे. तरीही तो तेंच निवडी. सुंदर वाटेनें जावें असें त्यास कधीं वाटलें नाहीं. त्याला हंसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं. प्राध्यापकांच्या वेतनाच्याही लेव्हलच आहेत. त्या 10 पासून सुरू होऊन 15 पर्यंत जातात, आणि मध्यें 13-अ नांवाची एक विचित्र पायरी आहे. परिसंवादांचीं प्रमाणपत्रें गोळा करणारे आमचे सहकारी आणि शेवंडें गोळा करणारे आम्ही यांत समुद्राची हवा काय ती आमच्या वांट्यास अधिक आली, तीही पडद्यावरची.

आतां बाजार. त्या जगांत राक्षस मारला, कीं त्याच्या अंगाखालून नाणीं निघतात. तीं कोणाच्या खिशांतून आलेलीं नसतात. क्षणापूर्वीं तीं नव्हतीं, आतां आहेत. याहून चमत्कारिक अशी एक किमया आहे. यूच्या लांकडाचें लांब धनुष्य करावें, एक कोरीव शिळा खर्चून मंत्र म्हणावा. धनुष्य नाहींसें होतें आणि हातांत 768 नाणीं येतात. हा आंकडा बाजारावर अवलंबून नाहीं. तो खेळानेंच ठरवून ठेविला आहे. त्यामुळें धनुष्याचा भाव 768 तून शिळेची किंमत वजा जातां जें उरेल त्याच्या फारसा खालीं जाऊंच शकत नाहीं. जाऊं लागला, कीं किमयागार तुटून पडतात. वर्गांत ज्याला आम्ही टांकसाळीचा भाव म्हणून तासभर समजावून सांगतों, तो येथें वीस वर्षांचीं मुलें कोणींही न शिकवितां पाळीत होतीं. आणि त्या धनुष्यांचें काय? झाड तोडावयाचें, धनुष्य घडवावयाचें आणि बाण न लावतांच त्याचें नाणें करावयाचें. नोटा बाटल्यांत भरून खाणींत पुराव्या व लोकांकडून उकरवाव्या, असें केन्सनें 1936 सालच्या आपल्या ग्रंथांत अर्धवट थट्टेनें लिहिलें, तेव्हां ही थट्टा कोणी इतक्या गांभीर्यानें अमलांत आणील, असें त्यास वाटलें नसेल.

नवा पैसा आंत येतो त्या वाटेस खेळ रचणारे 'नळ' म्हणतात आणि बाहेर जातो तिला 'मोरी'. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, म्हणजे घराचें काय होतें हें कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. म्हणून चालक मोरी वाहती ठेवण्याच्या नाना युक्त्या करतात. 99 वी पायरी गांठणाऱ्यास मानाची शाल मिळते, पण तिचे 99,000 मोजावे लागतात. 2021 च्या डिसेंबरांत महाबाजारांतल्या विक्रीवर शेंकडा एक कर बसला, 2025 त तो दोन झाला. आणि त्या उत्पन्नाच्या कांहीं भागांतून चालक बाजारांतला माल स्वतःच विकत घेऊन नष्ट करतात. कर घेऊन रस्ते न बांधणारें सरकार आम्हीं पाहिलें होतें. कर घेऊन माल जाळणारें हें पहिलेंच!

हें सारें पोरखेळ म्हणून सोडून द्यावें, तर आमच्या धंद्यांतले लोक आमच्या पुष्कळ आधीं तेथें पोंचले होते. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें 2001 मध्यें एव्हरक्वेस्ट नांवाच्या खेळांतल्या नोराथ या देशाचा हिशेब मांडला. तेथील मालाला बाहेरच्या लिलावांत जी किंमत येई तीवरून त्यानें दाखविलें, कीं तेथला माणूस तासाला 3.42 डॉलर मिळवितो, आणि दरडोई उत्पन्नांत हा नसलेला देश रशिया व बल्गेरिया यांच्या मध्यें बसतो. ईव्ह ऑनलाइन या आइसलंडच्या खेळानें तर 2007 सालीं एक अर्थशास्त्रज्ञच पगारावर ठेविला. हे गृहस्थ पुढें 2014 मध्यें तिकडील अकुरेयरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमच्या शेवंडांस आमच्या महाविद्यालयांत एवढें भाग्य लाभण्याचें चिन्ह नाहीं.

परंतु लुटूपुटूच्या सोन्याला बाहेर खरा भाव आला, कीं तें पिकविणारे येणारच. ज्यास वेळ नाहीं पण पैसा आहे असा खेळाडू, आणि ज्याजवळ वेळाखेरीज कांहीं नाहीं असा माणूस, यांचा सौदा नियमानें वर्ज्य असला तरी होतो. तो मोडण्यासाठीं रून्स्केपच्या चालकांनीं 2007 च्या अखेरीस आणि 2008 च्या आरंभीं खेळाडूंमधली खुली देवघेवच जवळ जवळ बंद करून टाकली होती. खेळाडू संतापले, आणि अखेर त्यांचें मत घेऊन 2011 च्या फेब्रुवारींत ती पुन्हां मोकळी करावी लागली. नंतर व्हेनेझुएलाचें चलन कोसळलें. 2018 सालीं तेथील सरकारनें नोटांवरचीं पांच शून्यें पुसलीं, आणि 2021 मध्यें आणखी सहा. 2019 च्या बऱ्याच काळांत तेथील महिन्याचें किमान वेतन दहा डॉलरांच्याही खालीं होतें. अशा देशांतल्या माणसांना रून्स्केपचें नाणें सरकारच्या नाण्याहून अधिक भरंवशाचें वाटलें, यांत नवल नाहीं. तीं माणसें खेळांतल्या 'वाइल्डरनेस' या अरण्यांत हिरवे ड्रॅगन मारीत, त्यांचीं कातडीं व हाडें महाबाजारांत विकीत, आणि जमलेलीं नाणीं बाहेर डॉलरांवर देऊन घरीं पीठ आणीत.

या अरण्यांत मात्र एका खेळाडूनें दुसऱ्यास मारण्याची मुभा आहे. 2017 सालीं कोणा खेळाडूनें या व्हेनेझुएलन लोकांस कसें ओळखावें व कसें मारावें याची कृतीच लिहून प्रसिद्ध केली होती. आम्हांस त्याची वार्ता नव्हती. एका रात्रीं भाचा म्हणाला, "मामा, आज झाडं नाहीं. आज शिकार." आम्ही त्याच्या खुर्चीमागें उभे राहिलों.

पडद्यावर एक माणूस स्वस्तांतलें चिलखत घालून ड्रॅगनाशीं झुंजत होता. भाच्यानें त्यास तीन फटक्यांत लोळविलें व त्याचीं जमविलेलीं कातडीं उचललीं. आम्हीं हें कां, म्हणून विचारलें. त्याचें उत्तर पोरकट नव्हतें. या लोकांनीं माल ओतल्यामुळें सरळ खेळणाऱ्याच्या मेहनतीचा भाव पडतो, ते नियम मोडतात, ड्रॅगनांचीं कुरणें अडवून बसतात, आणि त्यांतले कित्येक तर माणसें नसून यंत्रेंच असतात, असें त्यानें सांगितलें. आणि यांतलें एकही विधान आम्हांस खोडतां येईना. शेवटीं तो म्हणाला, "ते खेळत नाहींत, मामा. ते कामावर आलेत."

सात-आठ मिनिटांनीं तोच माणूस दक्षिणेकडून पुन्हां आला. मेलेला खेळाडू दूर एका गांवांत उठतो. तेथून चालत यावें लागतें. अंगावर तेंच स्वस्त चिलखत. त्यानें भाच्याकडे पाहिलें कीं नाहीं, हें सांगतां यावयाचें नाहीं. बाहुल्यांना नजर नसते. तो सरळ ड्रॅगनापाशीं गेला. भाच्यानें त्यास पुन्हां मारलें. पुन्हां सात-आठ मिनिटें गेलीं. बाहेर पाऊस लागला होता. पुन्हां तो आला. एक शब्दही न लिहितां तो आपल्या जागीं जाऊन उभा राहिला. भाच्याचा हात माउसवर होता. मग त्यानें तो उचलला.

"कंटाळा आला," असें म्हणून त्यानें खेळ बंद केला. अंथरुणावर पडल्यावर थोड्या वेळानें त्यानें आपणहून सांगितलें, कीं मरणाच्या वेळीं सर्वांत मोलाच्या तीन वस्तु माणसाजवळ राहतात, तेव्हां त्याचें फार गेलें नसेल. दोन फेऱ्यांचीं कातडीं, आणि चालण्यांतला वेळ. आम्हीं वेळ किती, म्हणून विचारलें. "धरून चला वीस मिनिटं," तो म्हणाला. त्यानें दिवा मात्र मालवला नाहीं. पुढें शिकारीचें नांव त्यानें आमच्यासमोर काढलें नाहीं. दुसरीकडे काढलें असल्यास आम्हांस ठाऊक नाहीं.

आम्हीं त्यास सांगितली नाहीं अशी एक गोष्ट आहे. त्या जगांत ड्रॅगनाचें हाड जमिनींत पुरलें, कीं प्रार्थना नांवाच्या विद्येचे 72 गुण मिळतात. त्याच आठवड्यांत, मासे धरण्याचा कंटाळा आल्यामुळें, आम्हीं महाबाजारांत तीनशें हाडें घेतलीं होतीं. भाव बरा उतरला होता. कां उतरला असावा याचा विचार करण्याचें काम आम्ही पगार घेऊन करीत असूनही तो त्या वेळीं केला नाहीं. बाजारांत विकणाराचें नांव दिसत नाहीं; तीं कोणाच्या हातचीं हें कळण्याची सोय नाहीं.

भाचा आतां नोकरीनिमित्त दूर देशीं आहे. क्वचित् रात्रीं मित्रांच्या यादींत त्याचें नांव हिरवें होतें, तो दोन ओळी लिहितो, आम्ही मासे धरतां धरतां उत्तर देतों. आमची पायरी सध्यां 91 आहे. तीं तीनशें हाडें खेळांतल्या पेढींत तशींच पडून आहेत. मध्यंतरीं त्यांचा भाव चढला होता, नंतर उतरला. तीं पुरावींत कीं विकावींत, याचा निर्णय अद्याप आमच्यानें होत नाहीं.