मेकॅनिकलमध्ये नेमकं शिकवतात काय?

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिस पार्टीत ‘मी मेकॅनिकल’ असं सांगून बघा. पहिला प्रश्न हमखास येतो, ‘अरे वा, मग माझ्या गाडीचं स्टार्टिंग बघतोस का?’ दुसरा जरा हळू आवाजात येतो, ‘डिग्री की डिप्लोमा?’ डिप्लोमा म्हटलं की समोरच्याचा ‘अच्छा’ थोडा लांबतो. हा लांबलेला ‘अच्छा’ ज्यांनी ऐकलाय, त्यांना पुढचं न सांगताही कळेल. बाकीच्यांसाठी हा लेख.

सध्या हा विषय आमच्या घरातही पेटलाय. अकोल्याला मामाची मुलगी दहावी पास झाली आणि तिला डिप्लोमाच हवाय, तोही मेकॅनिकलचा. मामाचं म्हणणं, ‘पोरीनं लोखंड कायले घासाचं बाप्पा? कॉम्प्युटर घे म्हना!’ निकाल द्यायचं काम आलं माझ्याकडे. ‘तू त्याच्यातलाच हायेस. मले सांग, शिकवतेत काय तिथं?’

तर मामा, ऐक. पहिलं वर्ष म्हणजे खरंच लोखंड घासणं. मी २०१२ मध्ये अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकला गेलो. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि आता अंगात खाकी शर्ट, समोर व्हाइस, हातात कानस आणि माइल्ड स्टीलचा एक चौकोनी तुकडा. कडा काटकोनात आणायच्या. ट्राय स्क्वेअर लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला, की परत घासायला सुरुवात. वऱ्हाडातली ऑक्टोबर हीट, वर कुरकुरणारा पंखा. पण ‘सपाट’ या साध्या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

दुसरीकडे ड्रॉइंग. शीट कंटेनर पाठीला लावून राजकमल चौकातून जाणारा पोट्टा दिसला, की समजायचं, पॉलिटेक्निकचा! एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते काढायचं. महिनाभर काही झेपत नाही आणि मग एक दिवस डोक्यात वस्तू आपोआप फिरायला लागते. बाकी सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर चालायची ती जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर दोस्ताची शीट, तिच्यावर आपली कोरी. हा विषय कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, पण महाराष्ट्रभर एकाच पद्धतीने शिकवला जातो!

दुसऱ्या वर्षी एसओएम आणि टीओएम, म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आणि थिअरी ऑफ मशिन्स. आपण उठसूट ‘टेन्शन आलंय’ म्हणतो ना? इथे टेन्शन न्यूटनमध्ये मोजतात. किती आलं, कुठे आलं आणि किती आलं की तुटेल, हे आकड्यात सांगावं लागतं. पट्ट्यावर चालणारं मशीन घ्या. पट्टा पुलीवरून घसरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. घर्षण किती आणि पट्ट्याने पुलीला किती कोनात कवेत घेतलंय.

हे वाचताना मला बाबा दिसायचे. बाबा अकोल्यात दालमिलमध्ये फिटर. पट्टा घसरायला लागला की ते मधे एक छोटी इडलर पुली बसवायचे. पट्टा पुलीला जास्त बिलगायचा आणि काम फत्ते. म्हणजे कोनच वाढवायचे! सूत्र त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मला सूत्र पाठ होतं, पण इडलर नेमका कुठे बसवायचा ते त्यांनीच दाखवलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावून ते सांगायचे, ‘हे आठ दिवसांत जाईल.’ जायचंच. तरी एक दिवस मालकाने त्यांच्यावर सुपरवायझर आणला, बावीस वर्षांचा, डिप्लोमावाला. बाबा काही बोलले नाहीत. पण माझ्या डिप्लोमाचं त्याच दिवशी ठरलं असावं.

हायड्रॉलिक्सचं तर विचारूच नका. आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं, की विहिरीचं पाणी खाली गेलं की पंपही खाली उतरवावा लागतो. का? कारण पंप पाणी ओढतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो. हिशेबाने ही मर्यादा साधारण १०.३ मीटर, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे साधा सेंट्रिफ्युगल पंप दम तोडतो. मोटर कितीही एचपीची लावा! सबमर्सिबल पंप पाण्यात बुडूनच बसतो आणि खालून ढकलतो, म्हणून त्याला ही अडचण नाही. मामाने स्वतः दोनदा मोठी मोटर घेतली होती. फोनवर एवढं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

थर्मलच्या पुस्तकात रँकिन सायकल म्हणजे चार बिंदूंची आकृती. अकोल्याजवळ पारसच्या वीज केंद्रात तीच आकृती चिमणीसकट उभी आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. बॉयलरमध्ये वाफ, टर्बाइनमध्ये काम, कंडेन्सरमध्ये परत पाणी, पंपाने पुन्हा बॉयलरमध्ये. कूलिंग टॉवरवरचा पांढरा ढग धुराचा नसून पाण्याचा असतो, हेही तेव्हा कळलं. वाफेचं आम्हाला नवल नव्हतं म्हणा. मूर्तिजापूरची शकुंतला १९९४ पर्यंत मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर धावत होती. ते इंजिन होतं १९२१ चं!

आणि मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजण्याचं शास्त्र. साधा मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. ‘जवळपास बरोबर आहे’ हे वाक्य त्यानंतर तोंडातून निघत नाही. घरच्यांना याचा त्रास होतो, ते सोडा.

आता ‘लोखंड कायले घासाचं’चं उत्तर. सिलॅबस थांबलेला नाही. एमएसबीटीईने २०१७ मध्ये आय-स्कीम आणली, तिच्यात मायक्रो-प्रोजेक्ट आणि सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग आलं. २०२३ पासून के-स्कीम आहे. कॅड आहे, सीएनसी आहे. सीएनसीला प्रोग्रॅम लिहावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरही आलाच. कानस मात्र अजून आहे आणि ती असायलाच हवी. टूल धातूला कसं कापतं हे हाताला ठाऊक नसेल, तर स्क्रीनवर फीड किती टाकायचा ते कसं कळणार?

गोडच गोड सांगून मी फोन ठेवला नाही. माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही डीईटी, म्हणजे डिप्लोमा इंजिनीअर ट्रेनी, आणि डिग्रीवाले जीईटी. फरक एका अक्षराचा, पण पगाराच्या स्लिपवर ते अक्षर फार महाग पडतं. तीन वर्षं लाइनवर काढलेल्या आम्ही नव्या जीईटींना मशीन समजावायचं, आणि पुढे त्यांनीच आमचं अप्रेझल भरायचं! हे बदललेलं मी अजून तरी पाहिलं नाही. तिला हे आधीच माहीत असावं.

पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. बारावी करून डिग्री घेणाऱ्याला दहावीनंतर सहा वर्षं लागतात. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तीन अधिक तीन, तीही सहाच! फरक एवढाच, की मधल्या स्टेशनवर उतरून नोकरी करायची सोय असते. बाबांचा एकट्याचा पगार होता तेव्हा मी त्याच स्टेशनवर उतरलो. तिला तसं उतरावं लागू नये, एवढं मामाने बघावं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘घरचा मिक्सर तिनं खोलला अन् परत जोडला. एक बी स्क्रू उरला नाही.’ मग म्हणाला, ‘भरतो फारम.’

बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या मिलमध्ये आता बेअरिंगवर व्हायब्रेशन सेन्सर बसलेत आणि मोबाइलवर आलेख येतो. परवा त्यांनी मला विचारलं, ‘आवाज वाढला की ती रेघ वर जाते का?’ मी हो म्हटलं. अॅम्प्लिट्यूड, फ्रिक्वेन्सी, सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तो मिलमधल्या पोरांना समजावून सांगायला!