भेसळ फुलोऱ्याच्या आत काढायची

महालक्ष्म्यांना गावी गेले होते. आमचं गाव बदनापूर तालुक्यात, जालन्यापासून फार लांब नाही. पुरण, आंबील आणि सोळा भाज्यांच्या सुस्तीतून जरा बाहेर येतेय तोवर काकांनी ओसरीवर पकडलंच.

"काय गं, तू नेमकं काम काय करतीस? लोकं इचारतात, मी सांगतो कॉम्प्युटरमधी हाय. पुढं काय सांगावं ते कळत न्हाई."

हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांनाच आहे (मामी, तुम्हीसुद्धा दिवाळीत विचारलं होतंत!). म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

काकांना सांगितलं ते असं. सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे. ते कसं बसवायचं, कसं चालवायचं, अडलं तर काय करायचं, हे मी लिहिते. मिक्सरबरोबर पुस्तिका येते ना, तसंच. फक्त आमचा मिक्सर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे पुस्तिकाही बदलावी लागते.

"मग दर टायमाला नवं लिहितीस?"

"नाही हो. बरंचसं जुनंच पुन्हा वापरते."

"म्हंजी नुसतं उतरवून काढायचं! आन् पगार कशाचा मग?"

सगळे हसले, मीही हसले. पण आत कुठेतरी टोचलं, कारण एकदा मी खरोखरच नुसतं उतरवून काढलं होतं.

2016 सालची गोष्ट. तेव्हा मी एका कंपनीत गोदामाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहायचे. एकूण नऊ पुस्तिका होत्या आणि बॅकअप कसा घ्यायचा हा परिच्छेद नवांतही लागायचा. मी तो एकदा लिहिला आणि बाकी आठ ठिकाणी चिकटवला. कॉपी, पेस्ट, झालं काम. पुढे नव्या आवृत्तीत माहिती साठवायचा फोल्डर बदलला. मी जुन्या फोल्डरचं नाव शोधून सहा ठिकाणी दुरुस्ती केली आणि निवांत घरी गेले. उरलेल्या तीन पुस्तिकांत मधल्या काळात कुणीतरी (बहुधा मीच) ते वाक्य जरा 'बरं' केलं होतं. तिथे फोल्डरचं नाव न देता 'नेहमीचा फोल्डर' असं लिहिलेलं होतं. शोधात ते सापडणार कसं?

एका ग्राहकाकडच्या हिशेबनिसांनी त्या तीनपैकी एक पुस्तिका उघडली. सांगितलंय तसं, एकेक पायरी करत, नेहमीच्या फोल्डरचा बॅकअप घेतला. त्यात दोन दिवसांपूर्वीचीच माहिती होती, कारण त्यानंतरची सगळी नव्या फोल्डरमध्ये जात होती. नवी आवृत्ती बसवताना मध्येच अडली, त्यांनी बॅकअप परत चढवला आणि दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. पावत्यांचे गठ्ठे सोडून माणसं रात्री उशिरापर्यंत पुन्हा नोंदी करत बसली. आमच्या मदत विभागातल्या मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्या पानाचं चित्र पाठवलं, परिच्छेदाभोवती लाल चौकोन काढून. त्या हिशेबनिसांनी काहीही चुकवलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

आता यावर उपाय काय, तर परिच्छेद एकाच फाईलमध्ये ठेवायचा आणि नऊ पुस्तिकांनी तो तिथून ओढून घ्यायचा. एकीकडे बदलला की सगळीकडे बदलतो. ही काही माझी अक्कल नव्हे. आमच्या धंद्यात हे फार जुनं आहे. यासाठी आयबीएममध्ये तयार झालेली डिटा नावाची पद्धत 2005 साली ओएसिस या संस्थेने प्रमाण म्हणून जाहीर केली. दुसऱ्या फाईलमधला तुकडा आपल्या पानात ओढून घ्यायची सोय त्यात मुळापासूनच आहे. आम्हीही तसंच करायचं ठरवलं.

आणि इथे मी दुसरी चूक केली. घाई होती, म्हणून हाताशी होता तोच जुना परिच्छेद मूळ म्हणून घेतला, फोल्डर तेवढा दुरुस्त केला आणि नवांना जोडून दिला. आठवड्याभरात तक्रारी सुरू! त्यात 'वर दाखवलेल्या खिडकीत' असं लिहिलं होतं. पहिल्या पुस्तिकेत वर खिडकी होती, बाकी आठांत वर काहीच नव्हतं. पूर्वी नऊ ठिकाणी नऊ वेगवेगळ्या चुका असायच्या, आता एकच चूक एका झटक्यात नवांत पोचली. कप्पाळ!

हे सगळं काकांना सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतात गेले आणि त्यांनीच न विचारता उत्तर दिलं.

काका तुरीचा बीजोत्पादनाचा प्लॉट करतात. वाण बीडीएन 711, पांढऱ्या दाण्याचा. बीडीएन म्हणजे आपलं बदनापूरच, तिथल्या कृषी संशोधन केंद्रात तो तयार झाला. बियाण्याची उतरंड त्यांनी मला बांधावर बसून समजावली. पैदासकार बियाणं सगळ्यात वरचं, त्याच्या पिशवीला सोनेरी पिवळा टॅग. त्यापासून पायाभूत, त्याला पांढरा टॅग. त्यापासून प्रमाणित, त्याला निळा टॅग. हे शेवटचं आपल्या दुकानात येतं. काका पायाभूत पेरतात आणि त्यांच्या शेतातून प्रमाणित तयार होतं. म्हणजे एका पिशवीचं पुढे किती शेतांत जाणार, याचा हिशेब नाही.

तूर अजून फुलावर आली नव्हती. काका ओळीओळीने चालत होते आणि मधूनच एखादं झाड मुळासकट उपटून टाकत होते. एवढी हिरवीगार झाडं! मी विचारलं, "कामून उपटता हो?" (गावी गेलं की दोन दिवसांत माझं 'का' जाऊन 'कामून' होतं.)

"ही भेसळ हाय. खोडाचा रंग बघ, फांद्या बघ. फुलोऱ्याच्या आत काढावी लागती. एकदा फूल आलं की मधमाशी काय इचारून बसती का? आन् यंदाच्या दाण्यावर कायबी दिसत न्हाई. पांढराच दाणा. पुढल्या साली दुसऱ्याच्या शेतात उगवल्यावर कळतं. तवर त्याचं साल गेलं."

मी बांधावर तशीच बसून राहिले. यंदाच्या दाण्यावर काही दिसत नाही. माझा परिच्छेदही माझ्या पुस्तिकेत पांढराशुभ्रच दिसत होता. भेसळ दिसली ती दुसऱ्याच्या शेतात, पावत्यांच्या गठ्ठ्यांत.

आम्ही पुन्हा वापरण्याच्या सोयीवर खूप बोलतो, कोणतं साधन घ्यायचं यावर तर भांडतोसुद्धा. पण वाढवायच्या आधी निवडायला हवं, हे मात्र घाईत राहून जातं. 2016 नंतर मी ठेच खाऊन काही नियम लावून घेतले, त्यांचं खरं कारण मला त्या बांधावर कळलं. जो तुकडा अनेक ठिकाणी जाणार, तो आधी एकट्याने उभा राहिला पाहिजे. त्यात 'वर', 'खाली', 'मागे सांगितल्याप्रमाणे' नको. एका तुकड्यात एकच काम. तो कोणत्या आवृत्तीला लागू आहे ते पहिल्याच ओळीत. एका वस्तूला सगळीकडे एकच नाव, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी. आणि ज्याने तो लिहिलेला नाही अशा माणसाने एकदा फक्त वाचून तसं करून बघायचं. तो अडला की समजावं, भेसळ आहे.

संध्याकाळी काकू दासबोध वाचत बसली होती. समर्थ आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, तो मी काकूकडून मागून वाचला. समर्थ सांगतात की ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ओळीला ओळ लागू नये, भोवती जागा सोडावी. छपाई नव्हती तेव्हा ग्रंथ पुढे जायचा तो नकलांतूनच. मुळातलं अक्षर संदिग्ध असेल तर नक्कल करणारा आपल्या मनाने वाचणार आणि पुढचे सगळे तेच उतरवणार. नऊ पुस्तिका नऊ जणींनी लिहिल्या तरी एकाच टाकाच्या वाटाव्यात, याहून वेगळं आम्ही तरी काय मागतो?

अर्थात सगळंच एका फाईलमधून ओढू नये, हेही शिकले. तीच धोक्याची सूचना प्रत्येक पानावर आली की लोक ती वाचणं सोडतात. नवशिक्याला 'हे कशासाठी' सांगायचं असतं, ते त्याच्यासाठी वेगळंच लिहावं लागतं. आणि हल्ली तर लोक पुस्तिका उघडण्याऐवजी यंत्रालाच विचारतात. ते यंत्र आमचीच पानं वाचून उत्तर देतं. तीन जागी तीन गोष्टी लिहिल्या असतील तर त्यातली कुठली उचलेल, सांगता येत नाही.

परत आल्यावर सोमवारी पहिलं काम काय केलं असेल? आत्ताच्या कामातले सगळ्यात जास्त ठिकाणी वापरलेले पाच तुकडे काढले आणि एकेक वाचत बसले. तिसऱ्यातच एक 'नेहमीप्रमाणे' सापडला. मीच लिहिलेला. उपटला.

असो. मामी, आता कळलं का मी काय करते? आणि काका, पगार उतरवण्याचा नाही हो, उपटण्याचा आहे.