वाफ मुरताना

मराठीतील काही क्रियापदांचा अर्थ कोशात मावत नाही. ‘मुरणे’ हे त्यांपैकी एक. पाऊस जमिनीत मुरतो, मीठ कैरीत मुरते, आणि पाणी कुठे तरी मुरत असल्याचा संशयही आपण घेतो. आम्ही दोघे अनेक वर्षे मराठी शिकवीत आहोत. पण हे क्रियापद खनिज तेलाच्या विहिरीपाशी भेटेल असे आम्हांस वाटले नव्हते. ते भेटले प्रथम वर्षाच्या निबंधांच्या गठ्ठ्यात. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटच्या एका विद्यार्थ्याने थोरल्या भावाविषयी लिहिले होते. भाऊ राजस्थानात, बाघेवाला येथील तेलक्षेत्रात, ठेकेदाराकडे मजुरीस आहे. तेथे विहिरीत वाफ सोडतात, तोंड बंद करून ती मुरू देतात, मग तेल वर येते, एवढेच ते वर्णन.

त्या एका वाक्यात सारी तंत्रविद्या आहे. बाघेवाल्यास 1991 साली तेल सापडले, पण ते जड आणि दाट. खडकाच्या बारीक छिद्रांत ते असते, मात्र हिवाळ्यातल्या काकवीसारखे जागचे हलत नाही. म्हणून काही दिवस वा आठवडे विहिरीत तप्त वाफ सोडतात. मग विहीर बंद ठेवतात. आतल्या आत वाफेचे पाणी होते आणि तिचा अप्रकट उष्मा खडकास व तेलास मिळतो. तेल पातळ झाले की त्याच विहिरीतून ते उपसतात. ही युक्ती हाती लागली ती योगायोगाने. 1959 साली व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे येथे शेल कंपनी एका विहिरीतून वाफ रेटून दुसऱ्या विहिरीकडे तेल ढकलू पाहत होती. वाफ भूपृष्ठ फोडून बाहेर आली. दाब उतरविण्यासाठी वाफेची विहीर उघडली, तो तिच्यातूनच तेल वाहू लागले.

मधल्या, थांबण्याच्या टप्प्यास इंग्रजीत ‘सोक’ म्हणतात. परिभाषा घडवायला आम्ही बसलो असतो, तर ‘संतृप्ती-काल’ असे काही तरी जोडले असते. समासात ‘श्यानता’ हा शब्द सुचवावा असे आमच्यापैकी एकाचे मत होते. दुसऱ्याचे म्हणणे, मुलाचा ‘दाटपणा’ पुरेसा आहे. वाद मिटला नाही, आणि मिटू नयेच. श्यानता मोजता येते. तिच्यावाचून अभियंत्याचे चालणार नाही. पण मुरण्यात प्रतीक्षा आहे, न दिसणारे काम आहे, आणि ते उरकता येत नाही ही जाणीवही आहे. ती कोणत्याही घडीव संज्ञेत नाही.

वाफेने तेल काढणे खान्देशास नवे नव्हे. येथील डोंगरउतारांवरचे रोशा गवत भट्टीवर चढवून त्याचे सुगंधी तेल काढीत, आणि ते मुंबईमार्गे परदेशी जाई. मात्र तेथे वाफ तेलास खांद्यावर घेऊन बाहेर पडते. भूगर्भात ती आत शिरते, ऊब देते आणि स्वतः पाणी होऊन जाते.

या उबेची किंमतही आहे. वाफेच्या अशा प्रकल्पांत एका पिंप तेलामागे साधारण दोन ते चार पिंपे पाण्याची वाफ करावी लागते, आणि त्यासाठी इंधन जाळावे लागते. दर फेरीस मिळणारे तेलही हळूहळू घटते. गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बलोल व संथाळ क्षेत्रांत ओएनजीसीने दुसरा मार्ग धरला: हवा आत सोडून तेलाचा काही अंश जमिनीखालीच जाळावयाचा. बलोलचा प्रयोग 1990 चा, व्यापारी वापर 1997 पासूनचा. वाळवंटात पाणी आणि इंधन खर्चून जड तेल काढावे काय, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही.

आमच्या विभागांत बोलींचा अभ्यास होतो तो बहुधा ओव्या, म्हणी आणि लोककथांच्या अंगाने. तो हवाच. पण खान्देशातून मजुरीसाठी बाहेर पडलेली माणसे बॉयलर, पंप आणि विहिरी यांच्याशी रोज ज्या भाषेत व्यवहार करतात, तिची नोंद कोण घेणार? परिभाषाकोशांच्या समित्यांत तो मजूर नसतो, आणि आमच्या अभ्यासक्रमांतही नसतो. त्याने मात्र नवे यंत्र पाहिले आणि घरचे क्रियापद तेथे चपखल बसवले. अशी क्रियापदे टिपून ठेवणे हे भाषेच्या अध्यापकांचे काम आहे, आणि ते कारखाने आणि तेलक्षेत्रे चालू आहेत तोवरच करावे लागेल.