आभाळ चार इंचांवर

गणपतीत टाकीत अकरा इंच पाणी होतं. दिवाळीला आठ उरलं, संक्रांतीला चार. मीच पेल्यापेल्यानं काढत होते. जमदग्नीला वर जायला जमेना, तेव्हा वरचं खाली आणण्यावाचून काय करणार? उभा हीटर पाण्याबाहेर राहायला लागला, म्हणून तोही आडवा करून तळाशी बसवला. पुण्याची थंडी त्याला सोसणारी नव्हती. त्याला सव्वीस-सत्तावीस अंश लागायचे.

जमदग्नी म्हणजे आमचा फायटर मासा. नाव आईनं ठेवलं. आणला त्या दिवशी शेजारच्या स्टीलच्या डब्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं आणि हा बोटाएवढा जीव कल्ले फुगवून, पंख ताठ करून अंगावर धावून गेला. "काय गं हा जमदग्नी!" आई म्हणाली. झालं बारसं.

दुकानात तो प्लास्टिकच्या पेल्यात होता, चहाच्या कपापेक्षा थोडा मोठा असेल. शेजारच्या पेल्यातला दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. दुकानदार म्हणाला, "ह्याला काही लागत नाही ताई. पंप नको, फिल्टर नको. हा वरची हवा खातो." शेवटचं वाक्य तेवढं खरं. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, या माशाला घड्याघड्यांचा एक अवयव असतो. लॅबरिंथ म्हणतात त्याला, म्हणजे भूलभुलैया. पृष्ठभागावर येऊन तोंडभर हवा घ्यायची, ती त्या घड्यांतून फिरते आणि रक्ताला प्राणवायू मिळतो. थायलंडच्या भातखाचरांत, दलदलीत, उन्हानं तापलेल्या उथळ पाण्यात जिथं दुसरे मासे गुदमरतील तिथं हा त्या जोरावर तगला. आणि तगतो म्हणूनच आपण त्याला पेल्यात कोंबला. सोशिक माणसाचं घरात जे होतं तेच.

त्याच्या मुलखात त्याला 'प्ला कात' म्हणतात, चावरा मासा. तिथं पूर्वापार त्याच्या झुंजी लावल्या, पैजा मारल्या, आणि 2019 साली त्यालाच राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. 1910 साली रीगन नावाच्या शास्त्रज्ञानं त्याच्या नावात 'स्प्लेंडेन्स' घातलं. झळझळीत, तेजस्वी. शेवटी शेवटी मला तो शब्द आठवला की वाईट वाटायचं. निळा रंग उतरून धुतलेल्या जुन्या लुगड्यासारखा झाला होता. पाठीला पोक आलं होतं. उजव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा. दाणा समोर टाकला तरी तो दाण्याच्या शेजारच्या पाण्याला तोंड मारायचा. मग मी दाणा भिजवून, चिमट्यात धरून, डाव्या डोळ्यासमोर न्यायला लागले. दोन दाणे खायला दहा मिनिटं. एवढा वेळ मी कुणाला घास भरवलेला नाही.

हे मासे दोन-तीन वर्षं जगतात, फार तर चार. दुकानातून येतात तेच पुरते वाढलेले. आमच्याकडे तो अडीच वर्षं होता, म्हणजे हिशेबानं म्हातारपणच. दुखणं असतं तर औषध शोधलं असतं. वयाला काय शोधायचं?

दिवसभर तो बदामाच्या पानावर आडवा पडून असायचा. ही पानं आमच्या गल्लीतल्याच बदामाची. झाडून ढीग लावतात त्यातली लाल, वाळकी वेचायची, धुवायची, पाण्यात सोडायची. पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि माशाला मानवतं. थायलंडातले मासे पाळणारेही हेच पान वापरतात. तर पानावर पडलेला तो मधूनच शेपटी हलवायचा. मी हातातलं काम थांबवायची. पहिला झटका, अर्धा इंच. दुसरा, एक इंच. मग दम संपून तिरका खाली. पुन्हा पहिल्यापासून. हवा मिळाली नाही तर हा मासा पाण्यातच बुडतो, हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत असावं. वर पोचला की 'टुप्' असा बारीकसा आवाज व्हायचा. रात्री स्वयंपाकघरात शांत असलं की तो ऐकू यायचा.

आई चहा घेता घेता म्हणाली, "माझे डबे तू खालच्या फळीवर आणलेस, तसंच झालं हे." मी काही बोलले नाही.

लवंगेच्या तेलानं मासे गुंगतात, मात्रा वाढवली तर पुन्हा उठत नाहीत. आईच्या दाढेसाठी आणलेली बाटली फडताळात होती. दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. दया कुठली आणि माझी भीती कुठली, ते मला वेगळं करता आलं नाही. पण दोन्ही वेळा त्यानं दाणा खाल्ला होता, हे खरं.

शेवटच्या रात्री त्यानं बुडबुडे केले. नर लाळेत घोळवलेले बुडबुडे पृष्ठभागावर रचून घरटं करतो. मादीची अंडी तोंडानं उचलून त्यात ठेवतो, निसटून खाली आलेलं अंडं पुन्हा वर नेतो, पिलं पोहती होईपर्यंत राखण करतो. सगळं बाप करतो. आमच्या जमदग्नीनं तर मादी कधी पाहिलीही नव्हती. तरुणपणी त्याची घरटी तळहाताएवढी व्हायची. या वेळी पानाच्या कडेला सातच बुडबुडे होते. ज्याला एक श्वास वर जाऊन आणवत नव्हता, त्यानं सात श्वास बाजूला काढून ठेवले होते.

सकाळी तो पानावरच होता. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे कळायला वेळ लागला. मी टाकी उचलायला गेले तर आई म्हणाली, "पाणी आत्ता ओतू नकोस." तसंच ठेवलं. दुपारी तीनला शेवटचा बुडबुडा फुटला.