विंचवाचं बिऱ्हाड, सिएटल

सिएटल म्हटलं की तीन गोष्टी : मायक्रोसॉफ्ट, कॉफी आणि पाऊस. पहिली पोटापाण्यासाठी, दुसरी रोजची आणि तिसरीचा उगाच बाऊ. वर्षभरात जेमतेम ९५० मिलिमीटर! आमच्या महाडकडच्या माणसानं यावर फक्त हसावं. ऑनसाइट पाठवलेल्या आम्हा मंडळींचं तिथे विंचवाचं बिऱ्हाड. दोन बॅगा आणि एक कुकर. पण या शहरात खराखुरा विंचूही भेटेल, असं वाटलं नव्हतं.

भेटला तो लेक युनियनच्या काठी. डाउनटाउनमधून उत्तरेकडे चालत गेलं की वीसेक मिनिटांत हे तळं लागतं. हाउसबोटी, लाकडी होड्या आणि मधूनच पाण्यावरून थेट आकाशात झेपावणारी छोटी सी-प्लेन्स. दक्षिणेला गळ्यात बॅज अडकवलेली अ‍ॅमेझॉनची जनता. पूर्वेकडच्या काठानं निघालात, तर एका जुन्या वीजकेंद्राची उंच धुराडी दिसतात. वीज कधीच बंद झाली. आता आत प्रयोगशाळा आहेत, फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरच्या. इथे सगळे नुसतं ‘हच’ म्हणतात. (आपल्याला तो मोबाइलच्या जाहिरातीतला पग आठवतो, इलाज नाही!) फ्रेड हा सिएटलचा लाडका बेसबॉलपटू. १९६४ साली, ४५ व्या वर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला. त्याच्या सर्जन भावानं त्याच्या नावानं १९७५ मध्ये हे सेंटर उभं केलं.

तर, विंचू. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटात राहणारा, पिवळट रंगाचा, नाव ‘डेथस्टॉकर’. नावातच सगळं आलं. विष म्हणजे काही एकच रसायन नसतं. कितीतरी रेणूंची ती मिसळ असते. त्यातला एक चिमुकला तुकडा म्हणजे क्लोरोटॉक्सिन. फक्त ३६ अमिनो आम्लांची साखळी, १९९३ मध्ये ओळख पटलेली. पुढे अलाबामातल्या संशोधकांना दिसलं, की हा तुकडा मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठीच्या पेशींना घट्ट चिकटतो आणि निरोगी पेशींना बहुतेक सोडून देतो. हचमधल्या डॉ. जिम ओल्सन यांच्या टीमनं यावर साधा विचार केला : चिकटतोच आहे, तर त्याच्या हातात दिवा देऊ या! क्लोरोटॉक्सिनला चमकणारा रंग जोडला, उंदरांना टोचला आणि गाठी उजळल्या. २००७ साली हे छापून आलं. नाव ठेवलं ‘ट्यूमर पेंट’, एखाद्या डिस्टेंपरसारखं.

याचं एवढं कौतुक कशाला? माझ्या काकांच्या मेंदूतली गाठ पुण्यात काढली, तेव्हा सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “दिसलं तेवढं सगळं काढलंय.” आम्ही हुश्श केलं. काकूनं देवापुढे साखर ठेवली. आठ महिन्यांनी गाठ परत आली. त्या ‘दिसलं’चा अर्थ मला या तळ्याकाठी नीट कळला. ग्लायोमाला साल नसते. शेतातल्या हराळीसारखा तो चांगल्या मेंदूत मुळं सोडतो. एमआरआय आधी काढलेला असतो आणि कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो, म्हणजे नकाशाही चुकतो. कमी कापलं तर हराळी पुन्हा फुटते. जास्त कापलं तर माणसाचं बोलणं जातं, नाहीतर हात.

माणसांसाठी तयार झालेल्या औषधाचं नाव टोझुलेरिस्टाइड. त्यातला रंग इंडोसायनिन ग्रीन. त्याची चमक डोळ्यांना दिसत नाही. खास कॅमेरा ती स्क्रीनवर दाखवतो. १७ प्रौढ रुग्णांवरच्या पहिल्या टप्प्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. जास्त आक्रमक गाठी साधारणपणे जास्त चमकल्या. तुकडा प्रयोगशाळेत बनतो, त्यामुळे तळ्याकाठी विंचू पाळलेले नाहीत. (मी विचारलं. पोरगी हसली.)

नुसतं दाखवण्यावरही गोष्ट थांबलेली नाही. याच तुकड्याला किरणोत्सारी आयोडिन जोडून, गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत सोडायचा प्रयोग १८ रुग्णांवर झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खाली कॅलिफोर्नियात ‘सिटी ऑफ होप’च्या मंडळींनी तर रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना ही नांगी बसवली आणि २०२० मध्ये माणसांवर चाचणी सुरू केली. हमखास बरं करणारं औषध मात्र यातून अजून हाती आलेलं नाही. काका असते तर मी त्यांना हे सगळं सांगितलं असतं का, कोण जाणे.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “विंचवाचं औषध? म्हणजे बावसकर डॉक्टरांचं?” बरोबरच आहे, महाडमध्ये विंचू म्हटलं की तेच. लाल विंचू चावला की हृदय कोलमडायचं, लोक उतरवायला मांत्रिकाकडे न्यायचे. डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून कित्येक जीव वाचवले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपला लाल आणि त्यांचा पिवळा हे वेगळे, आणि औषधाची दिशाही उलटी. आईला एवढंच सांगितलं, की इथला विंचू चावत नाही, खुणा करतो. ती म्हणाली, “तरी चप्पल झटकून घाल.”

कधी गेलात, तर संध्याकाळी जा. धुराड्यांसमोरून काठाकाठानं चाला, छत्री नेऊ नका. तिथे कुणी वापरत नाही. प्रयोगशाळेत असंच आत शिरता येत नाही. पण उशिरापर्यंत दिवे सुरू असतात आणि ते पाण्यात दिसतात.