‘मुळे’ या शब्दामागे

विज्ञान शाखेच्या मुलांना भाषा शिकवताना एका शब्दयोगी अव्ययाचा आम्हाला धाक वाटू लागला आहे. ते अव्यय म्हणजे ‘मुळे’. ‘काय घडले’ हे मुले नेटके लिहितात. ‘कसे’ आणि ‘का’ विचारले, की ‘मुळे’ येते आणि विचार तिथेच थांबतो.

धाराशिव जिल्ह्यात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातील सास्तूर परिसरात हजारो माणसे गेली. आजच्या विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतरचा. पण घरोघरी ती आठवण आहे. माणसे का गेली? ‘भूकंपामुळे.’ उत्तर खोटे नाही; ते फक्त अपुरे आहे.

मग आम्ही व्याकरणातला जुनाच प्रश्न विचारतो : कर्ता कोण, आणि त्याने काय केले? भूपट्टाच्या रेट्याने खडकात ताण साचला. तो कमी खोलीवर मोकळा झाला, म्हणून वरची जमीन जोराने हादरली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंतींत नुसती माती होती. आतला आणि बाहेरचा थर सांधणारे लांब दगड नव्हते. थर सुटले, भिंती कोसळल्या. माथ्यावर माळवदाच्या मातीचे ओझे होते. खाली माणसे झोपेत होती. एका ‘मुळे’च्या जागी आता वाक्यांची साखळी उभी राहते आणि तिची प्रत्येक कडी तपासता येते.

पुढचा प्रश्न उलट बाजूचा : कुठे असे घडले नाही? माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत उभे राहिले. हादरा तोच, परिणाम निराळा. या तुलनेतून मुलांना कारणाचा खरा अर्थ कळतो.

हे काम भूगर्भशास्त्राचे, मराठीच्या तासाला ते कशाला, असे सहकारी विचारतात. आम्हाला वाटते, क्रियापदाविना कार्यकारणभाव सांगता येत नाही आणि क्रियापद ही आमचीच जबाबदारी आहे. शिवाय ‘भूकंपामुळे’ एवढ्यावर थांबले, तर माणसाच्या हाती काही उरत नाही. ‘भिंत कशी पडली’ हे सांगता आले, तरच पुढचे घर कसे बांधावे याचा विचार सुरू होतो.